रायफल बदलते तेव्हा काय काय बदलते

२६ जानेवारी २०२२ रोजी राजपथावरच्या संचलनात लष्कराच्या तुकड्या वेगवेगळ्या काळांतले गणवेश घालून चालल्या. राजपूत रेजिमेंट १९५०च्या दशकातल्या गणवेशात होती आणि जवानांच्या हाती थ्री-नॉट-थ्री रायफल होती. आसाम रेजिमेंटला १९६०च्या दशकातला गणवेश होता, रायफल मात्र तीच. जम्मू-काश्मीर लाइट इन्फंट्री १९७०च्या दशकातल्या पोशाखात एसएलआर घेऊन आली, त्यानंतरच्या तुकड्यांकडे इन्सास होती, आणि शेवटी नव्या लढाऊ गणवेशातले पॅराशूट रेजिमेंटचे जवान इस्रायली टॅव्होर घेऊन गेले. टॅव्होर ही निवडक विशेष दलांची रायफल. ती बाजूला ठेवली, तर प्रजासत्ताकाच्या बहात्तर वर्षांत सामान्य पायदळी जवानाच्या हातातली रायफल पूर्णपणे बदलली ती दोनदाच. तिसरा बदल सध्या चालू आहे. त्यासाठीची पहिली मोठी निविदा २०११मध्ये निघाली होती.

चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला चार किलोची रायफल बदलायला एवढी वर्षे का लागावीत, असा प्रश्न अनेकांना पडतो. तो रास्त आहे. बातम्यांमध्ये त्याचे उत्तर बहुतेक वेळा लालफितीत शोधले जाते. लालफीत आहेच, पण ती सगळी गोष्ट नव्हे. खरी गोष्ट सुरू होते बोटभर लांबीच्या काडतुसापासून.

चाप ओढल्यावर

काडतूस म्हणजे नुसती गोळी नव्हे. धातूची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी कॅप, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, एवढे सगळे मिळून काडतूस होते. चाप ओढला की फायरिंग पिन कॅपवर आपटते, कॅपची ठिणगी दारू पेटवते आणि दारूचा वायू होतो. त्या बंद जागेतला दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या साडेतीन-चार हजार पट होतो. तो दाब गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीच्या आत नागमोडी नव्हे, तर मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. त्यांत घासत जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते, म्हणून हवेत कोलांट्या न खाता सरळ जाते. चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचा अगदी लहानसा अंश लागतो.

थ्री-नॉट-थ्रीमध्ये गोष्ट इथेच थांबायची. पुढची गोळी झाडायची, तर जवानाने बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढून रिकामी पुंगळी बाहेर टाकायची, मूठ पुढे ढकलून नवे काडतूस आत सरकवायचे आणि मूठ खाली दाबायची. प्रत्येक गोळीला हाच खटाटोप. मॅगझिनमध्ये गोळ्या दहा. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँची चार्ली कंपनी लढली ती याच रायफली घेऊन. समोरच्या चिनी सैन्याकडे आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या.

आपोआप भरणे म्हणजे काय? गोळी नळीच्या पुढच्या भागातून जात असताना तिच्या मागचा थोडासा वायू नळीला पाडलेल्या बारीक भोकातून वर निघतो. तिथे एक दट्ट्या असतो. वायू त्याला मागे रेटतो, दट्ट्या बोल्टच्या वाहकाला मागे नेतो, वाहक बोल्टला फिरवून त्याचे कुलूप उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. मागे दाबलेली स्प्रिंग मग सगळ्याला पुन्हा पुढे लोटते, आणि पुढे येताना बोल्ट मॅगझिनमधले वरचे काडतूस उचलून नळीत बसवतो. मिनिटाला सहाशे गोळ्यांचा वेग असलेल्या रायफलीत हा सगळा फेरा सेकंदाच्या दहाव्या भागात पुरा होतो. ही साखळी ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढच्या तक्रारी तिच्याच कुठल्या ना कुठल्या कडीवर येऊन थांबतात.

१९६२ नंतर भारताने बेल्जियमच्या एफएएल रायफलीवर आधारलेली एसएलआर, म्हणजे आपोआप भरणारी सेल्फ-लोडिंग रायफल, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनवायला घेतली. वीस गोळ्यांची मॅगझिन, एका चापाला एक गोळी, आणि रिकाम्या रायफलीचे वजन साडेचार किलोच्या आसपास. १९७१चे युद्ध पायदळाने प्रामुख्याने हिच्या बळावर लढले. जुने जवान आजही तिचे नाव आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे. लांबवर अचूक मारणारी, दणकट रायफल होती ती.

गोळी लहान का झाली

मग चांगली एसएलआर सोडली कशाला? दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर अनेक देशांनी प्रत्यक्ष लढायांचा अभ्यास केला. पायदळाच्या बहुतेक चकमकी तीनशे मीटरच्या आतच होतात, हे त्यातून दिसले. त्याहून दूर माणूस नीट दिसतच नाही, दिसला तरी तो पळत किंवा आडोशाला असतो. मग हजार मीटर जाणारी जड गोळी प्रत्येक जवानाने का वाहायची? जर्मनांनी आणि पाठोपाठ सोव्हिएत संघाने मधल्या ताकदीची काडतुसे काढली. अमेरिकेने त्याहून पुढे जाऊन १९६०च्या दशकात ५.५६ मिलिमीटरची हलकी, पण फार वेगवान गोळी स्वीकारली. १९८०च्या सुमारास नाटोनेही तीच प्रमाण केली.

या गोळीविषयी एक समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. ती शत्रूला मारत नाही, जखमी करते, आणि जखमी सैनिकाला उचलायला आणखी दोघे लागतात, म्हणून ती निवडली, असे म्हणतात. माझ्या मते हे कारण नंतर चिकटवलेले आहे. मुख्य कारण वजन आणि धक्का हेच. एसएलआरची शंभर काडतुसे सुमारे २.४ किलो भरतात, ५.५६ची शंभर साधारण १.२ किलो. तेवढ्याच वजनात जवान दुप्पट गोळ्या नेऊ शकतो. शिवाय धक्का कमी असल्याने नेम सुटत नाही आणि नवशिक्या जवानाला रायफल लवकर आवाक्यात येते. डोंगर चढून जाणाऱ्या माणसाला एका किलोचे मोल काय असते, हे त्या माणसालाच विचारावे.

---
चौकट : चार काडतुसे, ढोबळ आकड्यांत

थ्री-नॉट-थ्री : गोळी ११.३ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ७४५ मीटर, ऊर्जा सुमारे ३,१०० जूल.

७.६२ × ५१ (एसएलआर, सिग ७१६) : गोळी ९.५ ग्रॅम, वेग सुमारे ८४० मीटर, ऊर्जा सुमारे ३,३०० जूल.

५.५६ × ४५ (इन्सास) : गोळी ४ ग्रॅम, वेग ९०० मीटरच्या वर, ऊर्जा सुमारे १,७०० जूल.

७.६२ × ३९ (एके-४७, एके-२०३) : गोळी ८ ग्रॅमच्या जवळ, वेग सुमारे ७१५ मीटर, ऊर्जा सुमारे २,००० जूल.

नावातला पहिला आकडा साधारणपणे गोळीच्या जाडीचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७.६२ हे नाव दोन वेगळ्या काडतुसांना आहे आणि ती एकमेकांच्या रायफलीत चालत नाहीत.
---

चौकटीतली शेवटची ओळ वाचून गोंधळ होणे साहजिक आहे. दोन्ही काडतुसे टेबलावर शेजारी उभी केली तर फरक लगेच दिसतो. ५१वाले उंच आणि जवळपास सरळ अंगाचे. ३९वाले बुटके, बुडाकडे रुंद आणि वर निमुळते. हा निमुळतेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. गोळी सुटल्यावर पुंगळी दाबाने फुगून नळीच्या भिंतीला चिकटते. निमुळती पुंगळी थोडी मागे सरली की चहूबाजूंनी सुटी होते, त्यामुळे ती अडकत नाही. पण अशी काडतुसे एकावर एक रचली की रांग आपोआप वळते. एकेची मॅगझिन वाकडी दिसते ती या कारणाने. त्या काडतुसाला सरळ मॅगझिन मानवतच नाही.

रुळांची रुंदी

मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला जाणारी जुनी नॅरोगेज रेल्वे अनेक वाचकांना आठवत असेल. ती ब्रॉडगेज करताना नुसते रूळ सरकवून भागले नाही. इंजिने, डबे, पूल, फलाट सगळे नव्याने करावे लागले, काम टप्प्याटप्प्याने झाले, आणि मधल्या काळात एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना प्रवाशाला गाडी बदलावी लागली. काडतूस म्हणजे रायफलीच्या दुनियेतली रुळांची रुंदी.

नवे काडतूस आले की त्याच्या मापाची नळी लागते. गोळीच्या वजनाप्रमाणे मळसूत्री खाचांचा पीळ बदलतो. नव्या मॅगझिना येतात, त्या मावतील असे छातीवरचे कप्पे येतात. नेमाच्या खुणा बदलतात, कारण प्रत्येक गोळी अंतरागणिक वेगळ्या प्रमाणात खाली येते. तीनशे मीटरवर ७.६२ × ३९ची गोळी ५.५६पेक्षा बरीच जास्त खाली आलेली असते. मग हजारो प्रशिक्षक, आणि त्यांच्या हाताखालचे लाखो जवान. रायफल खोलणे, पुसणे, जोडणे हे डोळे मिटून जमावे लागते. प्रत्येक रायफल तिच्या जवानाच्या डोळ्याला जुळवून घ्यावी लागते. याला फौजेत झीरोइंग म्हणतात. ठरलेल्या अंतरावरच्या कागदावर काही गोळ्या झाडायच्या, त्या कुठे पडल्या ते पाहायचे, माशी किंचित सरकवायची, पुन्हा झाडायच्या. दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेली रायफल आपल्या हातात घेऊन भागत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी काडतुसांचा कारखाना. युनिटच्या शस्त्रागारात, म्हणजे फौजी भाषेतल्या कोतमध्ये, नव्याकोऱ्या रायफली रांगेने उभ्या असल्या आणि त्यांची काडतुसेच नसली, तर त्यांचा उपयोग शून्य. इन्सासच्या बाबतीत नेमके हेच झाले. १९९८च्या प्रजासत्ताक दिनाला ती राजपथावर दिसली, पण ५.५६ची काडतुसे पुरेशी नसल्याने ती सैन्यात सर्वदूर पोचायला उशीर झाला. मोठ्या प्रमाणावर काडतुसे इस्रायलकडून आणावी लागली. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्याने ५.५६च्या काडतुसांचे उत्पादन सांभाळले. रायफलीची चर्चा देशभर होते. वरणगावची होत नाही, आणि ती व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

कारगिलच्या थंडीत

इन्सास ही पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संशोधन संस्थेची निर्मिती. आराखडा करताना तिथल्या अभियंत्यांनी चांगल्या रायफलींतून चांगल्या गोष्टी घेतल्या. दट्ट्या आणि फिरणारा बोल्ट एकेच्या वळणाचा, वायूचा प्रवाह कमी-जास्त करण्याची सोय एफएएलसारखी. मॅगझिन प्लास्टिकची आणि पारदर्शक, म्हणजे किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसावे. एकाच चापाला तीन गोळ्यांची फैर झाडण्याची सोय, म्हणजे घाबरलेल्या क्षणी अख्खी मॅगझिन रिकामी होऊ नये. विचार उत्तम होता.

१९९९मध्ये कारगिलच्या उंचीवर तिची पहिली मोठी परीक्षा झाली. प्लास्टिकच्या मॅगझिना थंडीत तडकल्या, रायफली अडकल्या, फैर झाडताना तेल डोळ्यांत उडते अशा तक्रारी आल्या. मघाची साखळी आठवली तर कारण उलगडते. प्लास्टिक कडाक्याच्या थंडीत लवचीकपणा गमावते आणि ठिसूळ होते. मॅगझिनच्या वरच्या दोन ओठांनी काडतूस ठरावीक कोनात धरून ठेवलेले असते. ओठाला बारीक चीर गेली की काडतूस कलते, बोल्ट त्याला नळीत ढकलण्याऐवजी कडेवर दाबतो आणि रायफल अडते. तेलाचेही तसेच. थंडीत ते दाट होते, दट्ट्याची गती मंदावते, वाहक पुरेसा मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडायच्या आतच बोल्ट परत फिरतो. एकेमध्ये हालणारे भाग जड असतात आणि त्यांच्यामध्ये मुद्दाम जास्त मोकळी जागा ठेवलेली असते. धूळ, बर्फ, घट्ट झालेले तेल असले तरी ते भाग आपल्या वजनाच्या जोरावर फेरा पुरा करतात. त्याची किंमत अचूकतेत मोजावी लागते.

इन्सासच्या दोषांवर नंतर सुधारणा झाल्या. तरी काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढणाऱ्या तुकड्यांनी एके सोडली नाही. नव्वदीच्या दशकात तात्पुरती सोय म्हणून पूर्व युरोपातून सुमारे लाखभर एके घेतल्या होत्या. ती तात्पुरती सोय कायमची झाली. घराघरातल्या झडतीत, पन्नास मीटरवर, समोरचा माणूस पहिल्या गोळीत थांबावा ही गरज तीनशे मीटरवरच्या नेमापेक्षा मोठी होती.

सगळे एकाच रायफलीत

म्हणून २०११च्या निविदेत लष्कराने अशी रायफल मागितली की नळी बदलली की तीच कधी ५.५६ची, तर कधी ७.६२ × ३९ची व्हावी. सीमेवर एक, दहशतवादविरोधी मोहिमेत दुसरी. कागदावर हे आकर्षक आहे. प्रत्यक्षात दोन वेगळ्या जाडीच्या, वेगळ्या पुंगळ्यांच्या काडतुसांसाठी नळी, बोल्ट, मॅगझिन, नेम सगळेच बदलावे लागते, आणि बदलल्यावर पुन्हा झीरोइंग. दोन रायफलींचा पसारा एका रायफलीच्या नावावर वागवायचा, एवढाच त्याचा अर्थ. २०१५मध्ये ती निविदा रद्द झाली. तेव्हा संरक्षणमंत्री होते गोव्याचे मनोहर पर्रीकर, स्वतः आयआयटीत शिकलेले अभियंते. लष्कराने ठरवलेले निकष कधीकधी मार्व्हलच्या कथांतून आल्यासारखे वाटतात, असे त्यांनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले होते. त्यांचे म्हणणे बरोबर होते, असे मला वाटते. चार वर्षे एका अशक्यप्राय अपेक्षेमागे गेली आणि त्या काळात जवान जुन्याच रायफलीवर राहिला.

दोन कामे, दोन रायफली

त्यानंतर वाट बदलली. एकाच रायफलीकडून सगळे मागण्याऐवजी कामे वाटून द्यायचे ठरले. फेब्रुवारी २०१९मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला. काडतूस ७.६२ × ५१, म्हणजे जुन्या एसएलआरचेच, मॅगझिन वीस गोळ्यांची. उंच डोंगरांत समोरच्या कड्यावरचा शत्रू पाचशे मीटरवर असू शकतो. तिथे ही जड गोळी कामाची. २०२४मध्ये आणखी सुमारे ७३,००० सिग मागवल्या गेल्या. हे काडतूस परत येण्याला आणखी एक अर्थ आहे. पायदळाची मध्यम मशीनगन पहिल्यापासून याच गोळीवर चालते आणि २०२०मध्ये घेतलेली इस्रायली नेगेव्ह लाइट मशीनगनही. शेजारी लढणाऱ्या दोघांची गोळी एकच असली की अडचणीच्या वेळी एकाची दुसऱ्याला देता येते.

बाकीच्या प्रचंड संख्येसाठी एके-२०३. उत्तर प्रदेशातल्या अमेठी जिल्ह्यात कोरवा इथे भारत-रशिया संयुक्त कारखान्याचे उद्घाटन मार्च २०१९मध्ये झाले. ६,०१,४२७ रायफलींचा करार मात्र डिसेंबर २०२१मध्ये झाला. मधली पावणेतीन वर्षे मुख्यतः किमतीच्या वाटाघाटींत गेली. जुलै २०२४पर्यंत ३५,००० रायफली लष्कराला मिळाल्या. सुरुवातीच्या रायफलींत रशियन भाग जास्त होते, पुढे भारतीय भागांचे प्रमाण वाढवत न्यायचे, अशी योजना आहे. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रायफलीची नळी, तिचे पोलाद, त्यावरची उष्णताप्रक्रिया हे ज्ञान एकदा घरात आले, तर पुढच्या बदलासाठी पुन्हा दारोदार फिरावे लागणार नाही.

एके-२०३ म्हणजे तीच जुनी एके-४७ का? आतला फेरा बराचसा तोच, काडतूसही तेच, त्यामुळे भारताला ते नवे नाही. बदल बाहेरच्या बाजूला आहेत. दस्ता दुमडता येतो आणि जवानाच्या हाताच्या लांबीप्रमाणे कमी-जास्त करता येतो. वर आणि पुढे खाचांच्या पट्ट्या आहेत, त्यांवर दुर्बीण, रात्रीचे साधन, टॉर्च चढवता येतात. जुन्या एकेवर दुर्बीण बसवणे कटकटीचे होते. मॅगझिनशिवाय वजन ३.८ किलो, इन्सासचे ४.१५ किलो.

जुनी रायफल जाते कुठे

सहा लाख रायफली येईपर्यंत सहा लाख इन्सास एका दिवसात जात नाहीत. फौजेत आलेली रायफल पायरी-पायरीने खाली उतरते. आधी आघाडीच्या पायदळाकडून मागच्या शाखांकडे, मग केंद्रीय दलांकडे, मग राज्यांच्या पोलिसांकडे. या उतरंडीची किंमत मुंबईने मोजली आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटी स्थानकावर एके घेतलेल्या दहशतवाद्यांसमोर रेल्वे पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होत्या. एका गोळीनंतर मूठ वर, मागे, पुढे, खाली. ज्या त्रुटीमुळे लष्कराने १९६२ नंतर ती रायफल बदलली, त्याच त्रुटीसह ती शेहेचाळीस वर्षांनी आपल्या पोलिसांच्या हातात होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२०च्या प्रजासत्ताक दिनी.

इन्सास आता याच पायऱ्या उतरते आहे. पोलिसांच्या दृष्टीने ती थ्री-नॉट-थ्रीपेक्षा कितीतरी सरस आहे आणि मैदानी हवेत तिची थंडीतली दुखणीही डोके वर काढत नाहीत. पण पोलिसांना नुसती रायफल देऊन भागणार नाही, सरावासाठी पुरेशी काडतुसेही दरवर्षी द्यावी लागतील. दुसरीकडे लष्करासाठी ५.५६चीच नवी कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल, येते आहे. तिचा आराखडा पुण्याच्या एआरडीईचा आहे आणि ती बनवणार आहे पुण्याचीच भारत फोर्ज. त्यामुळे पायदळाची मुख्य रायफल दुसऱ्या काडतुसावर गेली, तरी ५.५६ची मागणी पुढची कित्येक वर्षे दोन्ही बाजूंनी टिकून राहणार आहे.